रुख्माबाईचे घोडेस्वार

रुख्माबाईला हसू आवरत नसे. हा तिचा गुण की खोड, याचा निकाल तिच्या सासरी कधीच लागला नाही. लग्नात अंतरपाटाच्या पलीकडे नवऱ्याला शिंक आली आणि ती जी हसायला लागली, ती अक्षता पडल्या, पंगती उठल्या, बैलगाडी सासरच्या दाराशी येऊन थांबली तरी हसतच होती. सासू शांताबाईने नव्या सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेजारणीच्या कानात सांगितलं, "पोरगी कामाची दिसते वं. पन डोक्यानं जराशी हुकेल हाय."

नवरा पुनाराम गवंडी होता. तो भिंत रचायचा आणि रुख्माबाई सिमेंटचा माल कालवून, घमेलं डोक्यावर घेऊन त्याला पोचवायची. शिडीवर चढताना तिला काहीबाही आठवायचं, ती हसायची, शिडी हलायची, आणि शिडी हलली म्हणून तिला आणखी हसू फुटायचं. बालाघाटातले ठेकेदार पुनारामला म्हणत, "मिस्त्री, काम तुझं एक नंबर. पन बायकोले खालीच ठेवत जाय बाप्पा."

पुनाराम बोलायला कमी. त्याचं सगळं बोलणं सिमेंटमध्ये. घराच्या दर्शनी भिंतीवर तो मोर काढायचा, कमळं काढायचा, वेलबुट्टी काढायचा, आणि ती पाहायला लोक थांबायचे. सिंह मात्र त्याला जमत नसत. त्याचे सिंह रडवेले दिसत, जणू कोणी त्यांना जेवू न घालता बाहेर बसवलं आहे. रुख्माबाईने एकदा तसं बोलून दाखवलं होतं. त्या दिवसापासून पुनारामने सिंह सोडले.

त्यांची वस्ती बालाघाटहून भरवेलीच्या मँगनीजच्या खदानीकडे जाणाऱ्या सडकेला लागून होती. वस्तीतले बहुतेक खदानीत. कोणी खाली उतरणारे, कोणी वर दगड फोडणारे. छप्पन साली अर्धी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आणि तेव्हापासून आपला विहार बांधायचा हे सगळ्यांच्या मनात होतं. मनात होतं ते जमिनीवर यायला वर्षं गेली. पाळी संपली की लोक काळ्या तोंडाने तसेच विटा वाहायला यायचे. पासष्ट सालच्या हिवाळ्यात भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली, चारी बाजूंनी व्हरांडा झाला. राहिली एकच गोष्ट. व्हरांड्याच्या आत, भिंतीच्या वरच्या अंगाला, कौलांच्या सावलीत, विहाराला पूर्ण वळसा घालणारी एक लांबच लांब कोरी पट्टी.

"इथं पुनारामनं काई तरी काढाव," असं सगळ्यांचं ठरलं. काय काढावं, हे काही ठरेना. कोणी कमळं म्हणे, कोणी हत्ती म्हणे. कोणी सिंह म्हणालं, तेव्हा पुनाराम उठून पाणी प्यायला गेला.

तेव्हा तेजराम गुरुजी पुस्तक घेऊन आले. वस्तीतले पहिले मॅट्रिक, शाळेत मास्तर, आणि पुस्तकं म्हणजे त्यांचा जीव. नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेलं ते पुस्तक ग्रीस नावाच्या देशातल्या पुरातन देवळांचं होतं. गुरुजींनी विहाराच्या पायरीवर ते उघडलं आणि सगळे वाकले.

चित्रात दगडात कोरलेले घोडे होते. एकामागे एक, एकावर एक चढल्यासारखे, माना कमानदार, पुढचे पाय हवेत. त्यांच्यावर तरणे पोरगे बसलेले. कोणी मागे वळून पाहतोय, कोणाचं उपरणं वाऱ्यावर उडतंय, कोणी घोड्याला चुचकारतोय. खोगीर नाही, रिकीब नाही. आणि बऱ्याच जणांच्या अंगावर चिंधीही नाही.

रुख्माबाईने पदर तोंडाला लावला. "गुरुजी," ती कशीबशी म्हणाली, "यायचे धोतर कुठं गेले वो?"

झालं. बायका फुटल्या, मग पुरुष फुटले, मग गुरुजीही चष्मा काढून डोळे पुसायला लागले. चैतराम मुकादम तेवढा हसला नाही. तो खदानीत सुरुंग लावायचा, आणि त्या कामात हसून चालत नाही.

"यायले कायले आनलं गुरुजी?" तो म्हणाला. "हे कोन राजे का देव?"

"तेच तर सांगून राह्यलो," गुरुजी म्हणाले. "देव तिकडं एका बाजूले बसले हायेत. हे राजे बी नाई आन् देव बी नाई. हे गावातलेच लोक. देवीची जत्रा निघाली, आन् गावचे पोट्टे घोड्यावर बसून तिच्यात चालले. त्या लोकायनं आपल्याच गावकऱ्याईले देवळाच्या भिंतीवर बसवलं."

 हसण्याचा आवाज एकदम थांबला की आजूबाजूचं ऐकू येतं तसं दुरून खदानीचं यंत्र ऐकू आलं. त्या पायरीवर बसलेल्यांपैकी एकही जण आजवर घोड्यावर बसला नव्हता. वैनगंगेपलीकडच्या ज्या गावाहून शांताबाई आली होती, तिथे त्यांच्या जातीतल्या नवरदेवाने वेशीतून पायी जायचं असा रिवाज होता. पायातल्या चपला हातात घ्यायच्या, हेही त्यात आलंच. घोडा तर पाहायचा तोही दुरून.

"गावातले म्हंजे सारेच?" चैतरामने विचारलं. "का वेशीबाहेरचे बी होते त्याईच्यात?"

गुरुजी खोटं बोलणारे नव्हते. "वेशीबाहेरचे त्या गावात बी असतीलच मुकादम. गुलाम होते त्याईच्याकडं. त्याईले नाई बसवलं."

"मंग आपन बसवू," रुख्माबाई म्हणाली.

ती हसत नव्हती, म्हणून सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग शांताबाईने तंबाखूची चंची कमरेला खोचली, गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली आणि मुलाला म्हणाली, "पुनाराम, मले पयले बसव. पन लुगडं नेसवून बसवजो रे बाबू."

पुनाराम कामाला लागला. चार दिवस त्याने कोणाला मचाणाजवळ येऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी त्याने गोणपाट बाजूला केलं आणि खाली उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने ओठ दाताखाली धरले. गाल फुगले. डोळ्यांत पाणी आलं.

"बोल," पुनाराम म्हणाला.

"काई नाई."

"बोल म्हनलं ना."

"आवो," रुख्माबाई म्हणाली, "हा घोडा हाय का गाभन शेळी?" आणि ती वाळूच्या ढिगावर बसूनच हसली.

पुनारामने हातातली करणी फेकली. "मंग तूच काढ ना! म्या कधी घोडा जवळून पाह्यला का? सडकेनं जाते, धूळ उडवते, निघून जाते!"

यात खोटं काही नव्हतं. मोर आणि कमळं पुनारामच्या रोजच्या पाहण्यातली होती. पुस्तकातला घोडा दगडाचा, तोही एका बाजूने, बोटभर. त्याच्या मांडीत काय असतं, मान वळली की गळ्याखाली काय होतं, हे चित्रावरून कळत नव्हतं. रुख्माबाई हसून हसून थकली तेव्हा म्हणाली, "घोडा पाह्यजे ना? फकिरा हाय ना टेसनावरचा."

फकिरा टांगेवाला बालाघाट स्टेशनवर उभा असायचा. त्याच्या घोडीचं नाव त्याने मोठ्या हौसेने बिजली ठेवलं होतं. गावाने तिचं नाव पॅसेंजर ठेवलं होतं, कारण गोंदियाच्या छोट्या गाडीसारखी ती वाटेत कुठेही थांबायची, कशासाठी थांबली ते कोणाला कळायचं नाही, आणि मनाला येईल तेव्हा निघायची. फकिरा निम्मी हिंदी, निम्मी मराठी बोलायचा. रुख्माबाईचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं, घोडीच्या कानाला विचारल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ले चलो. पन एक बात है बाई. मले बी भिंतीवर बसवा. जिंदगीभर घोड्याच्या मागं बसून राह्यलो. वर कधी नाई बसलो."

रविवारी दुपारी बिजली विहारासमोर आली. टांग्यातून सोडलेली, उघडी पाठ, सगळी वस्ती गोळा. पुनाराम कोळशाचा तुकडा आणि पुठ्ठा घेऊन बसला. पुस्तक उघडून त्याने पुन्हा चित्र पाहिलं आणि म्हणाला, "याईच्या घोड्याले लगाम नाई. तो बी काढ."

फकिराने लगाम काढला. बिजलीने डोकं झाडलं आणि पेंगायला लागली.

आता वर कोण बसणार? पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. चैतराम मुकादम, जो सुरुंगाची वात पेटवून शांतपणे चालत येतो म्हणून खदानीत प्रसिद्ध होता, म्हणाला, "माहा गुडघा दुखून राह्यला." मग गुरुजींना पुढे ढकललं. पुस्तक त्यांचं होतं. चौघांनी त्यांना उचलून या बाजूने वर ठेवलं, आणि गुरुजी अगदी सावकाश, काही न बोलता, त्या बाजूने खाली उतरले. डोक्यावर.

रुख्माबाईचं हसणं ऐकून झाडावरची पाखरं उडाली. चैतराम चिडला. "लय हसू येते ना? मंग बस ना तूच!"

"बसू का?" ती म्हणाली.

"बस!"

तिने पुनारामकडे पाहिलं. तो पुठ्ठ्यामागून म्हणाला, "कास्टा घट्ट मार." एवढंच.

नऊवारी लुगड्याचा कास्टा हे घोड्यावर बसायचंच नेसण आहे, हे त्या दिवशी वस्तीला कळलं. विहाराच्या वरच्या पायरीवरून रुख्माबाईने एक पाय टाकला, आयाळ धरली, आणि ती वर होती.

वर सगळं निराळंच होतं. घमेलं घेऊन ती याहून कितीतरी उंच चढली होती, पण शिडी जिवंत नसते. मांड्यांखाली ऊब होती, श्वास होता, कातडी थरथरत होती. तिला कुंपणापलीकडचं दिसलं. खदानीच्या काळ्या ढिगाऱ्यांवर पडलेलं ऊन दिसलं. सासूच्या डोक्याचा मधला भांग दिसला, जो तिने लग्न झाल्यापासून कधी वरून पाहिला नव्हता. शांताबाईने तोंड वर केलं आणि विचारलं, "काय दिसते वं?"

"आत्याबाई," रुख्माबाई म्हणाली, "तुमी केवढुशा दिसता!"

आणि तिला हसू फुटलं. पोटातून, पायांच्या नखांपासून आलेलं.

बिजलीच्या दोन कानांच्या मधोमध असा आवाज आजवर कोणी काढला नव्हता. तिने डोळे उघडले. कान मागे गेले. आणि स्टेशनच्या भाड्याला कंटाळलेली ती म्हातारी घोडी, जिला फकिराने चाबूक दाखवला तरी ती वळून त्याच्याकडे कीव आल्यासारखी पाहायची, ती सुटली.

"थांबव! थांबव!" फकिरा ओरडला. लगाम त्याच्या हातात होता.

रुख्माबाईने गुडघे आवळले, आयाळ मुठीत धरली आणि किंचाळायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते हसूच. वस्ती मागे पडली. सडकेवर खदानीची रविवारची पाळी सुटली होती आणि भरवेलीकडून सायकलींची रांग गावाकडे चालली होती. घोडी त्या रांगेतून मधोमध गेली. सायकली दोन्हीकडे फाकल्या, आणि कोणीतरी ओळखलं, "आबे, पुनारामची बायको हाय!" मग घंट्या वाजायला लागल्या. डोक्यावर खदानीच्या टोप्या, तोंडं काळी, दात तेवढे पांढरे, असे ते सगळे पेडल मारत तिच्या मागे लागले. वाचवायला लागले की गंमत म्हणून लागले, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. एकाने हँडल सोडून दोन्ही हात वर केले. दुसरा वळून मागच्याला बोलावत होता. बाजाराच्या तोंडाशी मिरच्यांच्या ढिगाला घोडीने वळसा घातला, बांगड्यांच्या गाडीला घातला, पानठेल्यापाशी ती सवयीने क्षणभर थांबली, आणि सायकलींच्या घंट्या ऐकून पुन्हा उधळली. रुख्माबाईचा अंबाडा सुटला. पदर खांद्यावरून मागे उडाला आणि तिथेच, हवेत, तसाच राहिला.

घोडी थांबली ती स्टेशनवर. रोजच्या जागी, कडुनिंबाखाली, टांग्यांच्या रांगेत, जणू काही झालंच नाही. गोंदियाची गाडी नुकतीच आली होती. रुख्माबाईला खाली उतरता येईना. ती आयाळीत तोंड खुपसून हसत होती आणि रडतही होती. तेवढ्यात डोक्यावर ट्रंक घेतलेला एक गृहस्थ जवळ आला, त्याने घोडी पाहिली, रुख्माबाई पाहिली आणि विचारलं, "बाई, खाली है क्या?"

"हौ," रुख्माबाई म्हणाली, "बसा मांगं!"

सायकलवाले पोचले. त्यांनी तिला उतरवलं. तिचे पाय जमिनीवर टिकेनात, म्हणून एकाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिला वस्तीत आणलं. विहारापाशी पुनाराम उभा होता. तोंड पांढरं पडलेलं. हातात कोळसा होता, त्याचा चुरा झाला होता.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"मले समजलं," ती म्हणाली. "आवो, तुमी त्याचं पोट काढून राह्यले. घोडा पोटात नसते. तो इथं असते," आणि तिने आपल्या मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये हात ठेवला. "तिथून निंघते आन् पुढं जाते. आन् मानूस त्याच्यावर बसत नाई. त्याच्या मांगं मांगं उडते."

 चुना, वाळू आणि सिमेंट कालवायला पुनाराम स्वतः बसला. घमेलं भरलं, आपल्या डोक्यावर घेतलं, मचाणावर नेलं आणि तिला म्हणाला, "ये वर. दाखव."

त्याच संध्याकाळी गुरुजींनी, कपाळाला हळद लावून, पुस्तकाचं पुढचं पान वाचलं. त्यात लिहिलं होतं की त्या घोड्यांना लगाम होते. धातूचे होते, भिंतीला भोकं पाडून अडकवलेले, काळाच्या ओघात गळून पडले. गुरुजींनी पान उलटलं आणि बरेच दिवस ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

पुढचे महिने वस्तीत दुसरा विषय नव्हता. रुख्माबाईने कधी करणी धरली नव्हती, आताही धरली नाही. ओल्या मालात ती हातच घालायची, भाकरीचं पीठ मळताना घालतात तसे. पुनाराम मागून कडा साफ करायचा, माल धरेल असे खिळे आणि तार आत बसवायचा, कुठे फार ओलं झालं तर ओरडायचा. सायंकाळी माणसं भिंतीसाठी आपापलं तोंड द्यायला यायची. तांदळाच्या पोत्यावर, घोड्यावर बसल्यासारखं बसवून ती त्यांना म्हणायची, "आता घोडा पळून राह्यला समजा." आणि जो तो आपल्या मनातला घोडा पळवायचा. कोणी डोळे मिटायचा, कोणी पोत्याला टाच मारायचा. चैतराम मुकादम पोत्यावरही घाबरला.

भांडणं झाली नाहीत असं नाही. पुढे कोण आणि मागे कोण, यावर शांताबाईने दोन दिवस जेवण सोडलं. एकाला आपला घोडा उधळलेला हवा होता, म्हणजे आपण इतरांपेक्षा उंच दिसू. रुख्माबाईला उपाय सापडेना. तेव्हा गुरुजींनी परत पुस्तक आणलं आणि चित्रावर पट्टी आडवी ठेवली.

"पाहा. कोनाचा घोडा उभा हाय, कोनाचा उधळला हाय, पन मुंडके साऱ्यायचे एका रेघेत. एक बी वर नाई, एक बी खाली नाई."

सगळ्यांनी पट्टीवर डोळा लावून पाहिलं. खरंच होतं. ज्याचा घोडा उधळला होता, त्या स्वाराचं अंग कारागिराने थोडं आखडतं घेतलं होतं, आणि ते नजरेला कळतही नव्हतं.

"असंच कर," चैतराम म्हणाला. "असंच पाह्यजे आपल्याले."

तशी ती रांग भिंतीवरून निघाली. धोतरं नेसलेले स्वार, खदानीच्या टोप्या घातलेले स्वार, कोट घातलेले गुरुजी आणि त्यांच्या कपाळावर टेंगूळ, कारण रुख्माबाई म्हणाली की जे आहे ते आहे. दगड फोडणाऱ्या बाया, कास्टे घट्ट, हातोड्या कमरेला. शांताबाई, एका हातात आयाळ, दुसऱ्या हातात चंची. फकिरा, जन्मात पहिल्यांदा घोड्याच्या वर. पुनाराम, खाली मान घातलेला. आणि सगळ्यांच्या पुढे रुख्माबाईने स्वतःला बसवलं, पदर मागे उडालेला, तोंड कानापर्यंत उघडं. कोणी म्हणालं, "सोताले पयल्या नंबरावर?" तर ती म्हणाली, "मंग? माही घोडी पुढंच होती."

घोड्यांच्या आयाळी तिने खदानीच्या काळ्या भुकटीने रंगवल्या. अंगं गेरूची, पांढऱ्याला चुना, आणि मागची भिंत निळीची. काम पुरं झालं त्या दिवशी पुनाराम विहाराभोवती एकटाच फिरून आला. मग बायकोपाशी बसला आणि म्हणाला, "आता सिंह बी जमन."

बुद्धपौर्णिमेला नागपूरहून भंतेजी येणार होते. वयाने मोठे, शांत, विद्वान भिक्खू. घोडेस्वार पाहून ते काय म्हणतील, याची सगळ्यांना धास्ती. त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. त्या रविवारनंतर बिजलीला रुख्माबाईचं हसणं ऐकू आलं की ती उधळायची. स्टेशनवर उभी असताना सडकेवरून नुसतं ऐकू आलं तरी. आणि भंतेजींना स्टेशनवरून आणायला टांगा होता फकिराचाच.

चैतरामने रुख्माबाईला हात जोडले. "माय, भंतेजी खाली उतरेस्तोवर हसू नोको. मंग वर्षभर हास."

"नाई हसनार," ती म्हणाली, आणि पदराचा बोळा करून तोंडात धरला.

टांगा आला. रीतसर, पॅसेंजरसारखा, प्रत्येक दारापाशी थांबत. भंतेजी मागे ताठ बसलेले, चीवर नीट, चेहऱ्यावर मंद हसू. विहारासमोर दोन्ही बाजूंनी लोक. चैतराम, नवा सदरा, हातात झेंडूचा हार, पुढे झाला.  तो भंतेजींकडे पोचायच्या आत बिजलीने मान लांब केली आणि हार खायला सुरुवात केली. चैतराम ओढी, बिजली ओढी. शेवटी त्याने घाबरून हार सोडून दिला, आणि तो घोडीच्या गळ्यात पडला. चैतरामने काय करावं ते न सुचून घोडीला वाकून हात जोडले.

"जयभीम," तो म्हणाला.

पदराचा बोळा तोंडातून उडाला.

बिजलीचे कान मागे गेले. "भंतेजी, पकडो!" फकिरा एवढंच म्हणू शकला. टांगा उधळला, पण समोर गर्दी, डावीकडे कुंपण, म्हणून घोडी वळली आणि विहाराभोवती धावायला लागली. गळ्यात हार, मागे धूळ, धुळीत टांगा. पहिल्या फेरीला भंतेजींनी दांडा धरला. दुसऱ्या फेरीला त्यांनी मान वर केली. कौलांच्या सावलीत, निळ्या भिंतीवर, वस्तीचे लोक घोड्यांवर बसून त्यांच्याबरोबर धावत होते. टोप्या, कास्टे, हातोड्या, चंची, उडणारे पदर. टांगा पळत होता म्हणून भिंतीवरचे घोडेही पळत होते. तिसऱ्या फेरीला लोकांनी पाहिलं, भंतेजींचं तोंड उघडं होतं, आणि तो आवाज ओरडण्याचा नव्हता.

बिजली दमली आणि पायरीसमोर थांबली.  भंतेजी उतरले, त्यांनी चीवर सारखं केलं, पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायलं. मग म्हणाले, "प्रदक्षिणा तर झाली. आता आत चला."

आत वंदना झाली. बाहेर आल्यावर ते पुन्हा वर पाहत राहिले आणि त्यांनी एकेका स्वाराचं नाव विचारलं. ज्याचं नाव येई तो पुढे येऊन उभा राही. हे इतका वेळ चाललं की डाळभात निवून गेला. शांताबाईचं नाव आलं तेव्हा ती म्हणाली, "माहा घोडा जरासा बारीक झाला जी, पन चालते."

त्यानंतर रुख्माबाईला कामं येऊ लागली. हट्टा गावाकडच्या पवारांच्या घरावर तिने बैलजोड्या काढल्या, वारासिवनीच्या एका दुकानावर मोठा मासा काढला. पुनाराम बरोबर असायचाच. माल कोण नेतं आणि हात कोण लावतं, हे विचारायचं लोकांनी हळूहळू सोडून दिलं. शांताबाई पुढे दोन पावसाळ्यांनी गेली. जाईपर्यंत रोज दुपारी ती विहाराच्या व्हरांड्यात आपल्या घोड्याखाली बसून तंबाखू मळायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बोट दाखवायची.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसात पश्चिमेच्या अंगाची कौलं सरकली आणि त्या बाजूचे काही स्वार ओलीने गळून पडले. दुरुस्तीला रुख्माबाई पुन्हा मचाणावर चढली. केस पिकायला लागलेले, गुडघे दुखते, हसणं तेच. या वेळी तोंडं द्यायला नवी पोरं आली. त्यांच्यात तिचा मुलगा वसंता होता, पहिल्या वेळी दहा वर्षांचा, आता नुकताच खदानीत लागलेला. मित्रांबरोबर तो हिंदीच बोलायचा, आणि आता आईशीही अर्धं तसंच.

"माय, मेरे को बेलबॉटम में बनाना," तो म्हणाला.

"ते काय असते?"

"हे पाहा." त्याने पाय पुढे केला. मांडीला घट्ट, खाली घोट्याशी घमेल्याएवढा घेर.

रुख्माबाईने मचाणावरून वाकून पाहिलं. पुनारामने खालून पाहिलं. गुरुजींनी, आता ते हेडमास्तर होते, चष्मा सावरून पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"पळते कसं ते?" तिने विचारलं.

"काय पळते?"

"कापड. वाऱ्यानं मांगं जाते का पायाले गुंडाळते? मले पाह्यल्याशिवाय कसं समजन? पळ."

"इथं? साऱ्यायसमोर?"

"घोड्यावर बसाचं हाय का नाई?"

वसंताने इकडेतिकडे पाहिलं. मित्र दात काढत होते. मग त्याने चपला काढल्या आणि विहारासमोरच्या मैदानात धाव घेतली. बेलबॉटमचे दोन्ही घेर फडफडत मागे गेले.

"आता समजलं!" रुख्माबाई ओरडली. "आखीन एक डाव! जोरानं!" आणि ओल्या मालात तिने दोन्ही हात कोपरापर्यंत घातले.